भिकार टोकं

फट् असा आवाज झाला, फ्यूज उडाला आणि माझ्या नवऱ्यानं वीज मोजायच्या मीटरचे प्रोब, म्हणजे वायरीला जोडलेल्या टोकदार कांड्या, टेबलावर आदळले.

“टोकं भिकार आहेत. घसरतात,” नॉर्बर्ट म्हणाला.

मिलवॉकीतल्या आमच्या ॲम्प, म्हणजे वाद्यांचे ॲम्प्लिफायर, दुरुस्तीच्या दुकानात हल्ली हेच चाललं होतं. आधीच्या प्रोबची वायर ताठ, मीटरलाच ओढून खाली पाडायची. मग मऊ वायरीचे आणले, तर त्यांची टोकं बोथट. मग सुईसारखी टोकं आणली, ती त्याच्याच अंगठ्यात घुसली. ड्रॉवर उघडला की तांबड्या-काळ्या वायरींचा गुंता अंगावर यायचा. मी म्हटलं, बाबा रे, मला निवडताना एवढी चिकित्सा केली असतीस तर दोघंही सुटलो असतो. तर म्हणतो, तेव्हा पर्याय कुठं होता!

खरं काय ते मला ठाऊक होतं. रोज सकाळी त्याच्या शर्टाची बटणं मीच लावते, कारण त्याच्या मते हल्ली बटणंही भिकार येतात.

चालू ॲम्पमध्ये एकच हात घालायचा आणि दुसरा खिशात ठेवायचा, म्हणजे झटका बसला तरी छातीतून जात नाही, अशी या धंद्याची जुनी रीत आहे. डावा हात थरथरायला लागला तेव्हा नॉर्बर्टनं तो खिशात घातला आणि गिऱ्हाइकांना वाटलं, काय नियमाचा पक्का माणूस! आता उजवाही थरथरत होता. ज्या दिवशी टोक नीट टेकवता येणार नाही त्या दिवशी दुकान बंद, असं तो पूर्वीपासून म्हणायचा. दुकान बंद झाल्यावर हा माणूस घरी बसून काय करेल, या विचारानं माझा जीव कासावीस व्हायचा.

तेवढ्यात जीन पाव्लाक आला. चर्चच्या हॉलमध्ये दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असतं, तिथं तो अकॉर्डियन वाजवतो. टेबलावरचा ॲम्प त्याचाच. संध्याकाळी लागणार होता. उडालेला फ्यूज पाहून तो चाचरत म्हणाला, फार घाई होत असेल तर नदीपलीकडच्या दुकानात नेऊ का? नॉर्बर्टचा चेहरा उतरला. जीनला लाटण्यानं हाणावं असं वाटलं मला.

कॉफीच्या डब्यामागं मी हूकवाले प्रोब लपवून ठेवले होते. ॲम्प बंद असताना अडकवायचे, मग चालू करून लांबूनच मीटर बघायचा. जन्मभर नॉर्बर्ट त्यांना शिकाऊंची खेळणी म्हणत आला. मी पाकीट फोडून ते त्याच्यासमोर ठेवले.

त्यानं प्लग काढला, आत साठलेली वीज उतरू दिली आणि मग काळा हूक उचलला. हूक अडकेना. पुन्हा लावून बघितला, पुन्हा घसरला. जीन भला माणूस, तो खिडकीबाहेरचा रस्ता बघत राहिला. टोकं भिकार आहेत, हे ऐकायची मी तयारी केली.

“आर्लीन, इकडे ये,” नॉर्बर्ट म्हणाला. “तू लाव. कुठं ते मी सांगतो.”

सगळा संसार या दुकानात गेला, पण ॲम्पच्या आत मी कधी बोट घातलं नव्हतं. यानंच तर विजेच्या गोष्टी सांगून सांगून मला घाबरवून ठेवलं होतं. मी हूक धरला आणि आत वाकले.

“अगं, हात केवढा थरथरतोय तुझा.”

“भीती वाटतेय.”

“मलाही वाटते,” नॉर्बर्ट म्हणाला. “सावकाश लाव.”

हूक बसला. त्यानं लाल हूक माझ्यापुढं धरला.