धरणगावच्या शाळेतली घोंगडी

मी एक जुनी घोंगडी आहे, आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकते, मी गरम नाही. मी कधीच गरम नव्हते. जन्मभर लोकांनी मला गरम म्हटलं आणि ते ऐकून ऐकून आता मी थकले आहे.

पिंपळनेरकडच्या एका धनगराने मला मागावर विणलं. काळ्या मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ आणि काठाला एक पांढरी रेघ. मेंढी गरम नव्हती, माग गरम नव्हता. मग मी गरम कुठून होणार? पण बाजारात मला हात लावणारा प्रत्येक जण म्हणायचा, "वा, काय गरम शे!" तोताराम सरांनी मला विकत घेतलं तेव्हा त्यांनी तेवढं म्हटलं नाही. तेव्हाच मला ते आवडले.

तोताराम सर धरणगावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. त्यांनी मला अंगावर घेतलं नाही, प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं. तराजू, लोहचुंबक आणि काचेच्या नळ्यांच्या शेजारी मी! पहिल्या दिवशी मला कोण ऐट वाटली.

दरवर्षी थंडी पडली की सर मला टेबलावर ठेवायचे आणि विचारायचे, "घोंगडी गरम असते का रे?"

"हो सर!" सगळा वर्ग ओरडायचा.

मग सर उष्णतामापक माझ्या घडीत गुंडाळून ठेवायचे. तासाच्या शेवटी काढून दाखवायचे. पारा हललेला नसायचा. भिंतीवरच्या उष्णतामापकात जेवढा, तेवढाच माझ्या पोटात. मुलं माना डोलवायची. आणि परीक्षेत काय लिहायची? "घोंगडी उष्णता देते, म्हणून थंडीत घोंगडी पांघरतात." हुशार मुलं पुस्तकातलं वाक्य घोकून लिहायची, "लोकर ही उष्णतेची दुर्वाहक आहे." सर त्यांना उभं करून म्हणायचे, "पुस्तकाचं नको. तुझ्या शब्दांत सांग, ही करते तरी काय?" मुलगा तेच वाक्य पुन्हा म्हणायचा. पालथ्या घड्यावर पाणी! एका तरी मुलाने हे स्वतःच्या शब्दांत सांगावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. वर्षं जात राहिली. मलाही घडी करून घ्यायचा कंटाळा येऊ लागला.

उन्हाळ्याच्या सुटीत मला कसर लागू नये म्हणून सर मला घरी न्यायचे. अशाच एका वैशाखात त्यांची धाकटी मुलगी कोकिळा तापाने फणफणली. विषमज्वर होता. डॉक्टरांनी सांगितलं, "डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवा, अंगावर जाडजूड काही घालू नका." गावात बर्फ कुठला? सर सकाळच्या गाडीने जळगावला जाऊन लाकडाच्या भुशात आणि पोत्यात बांधलेली लादी घेऊन आले. दुसरी लादी आता उद्याच मिळणार होती.

दुपारी कोकिळेला हुडहुडी भरली. सरांची माय उठली, तिने मला ओढून काढलं आणि पोरीच्या अंगावर घातलं. "पोर थंडीघाई कापी राहिनी. घाम उना की ताप उतरी जाई." मग ती बर्फाकडे वळली. ओलं पोतं काढून टाकलं, भुसा झटकला आणि लादी उघडी घमेल्यात ठेवली. "वारा लागू दे बिचाऱ्याले."

बाहेर धरणगावचं ऊन. घमेल्यात पाणी वाढत होतं. आणि इकडे माझ्याखाली ती पोर भट्टीसारखी तापत होती. मित्रांनो, तिचा ताप मी बाहेर जाऊ देत नव्हते. मला दुसरं काही करताच येत नाही. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

सर नळावरून पाण्याची बादली भरून आले आणि दारातच थबकले. आधी त्यांनी घमेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माय, ती घोंगडी काढ. बर्फावर घाल."

"बरफले घोंगडी? येडा व्हयना का तू? पाणी व्हई जाई बठ्ठा!"

सरांची पत्नी बेबाबाई पोरीचे पाय चोळत होती. ती रडवेली होऊन म्हणाली, "अहो, शाळेतले प्रयोग शाळेत. माझ्या लेकरावर नको."

सरांनी बादली खाली ठेवली. दरवर्षी मुलांना पारा दाखवणाऱ्या त्या माणसाच्या मनातसुद्धा त्या घटकेला पाल चुकचुकली, हे मी पाहिलं. चुकलो तर? होता तेवढा बर्फ गेला तर? पण घमेल्यातलं पाणी थांबत नव्हतं. ते मायजवळ बसले. "माय, एकच काम कर. लादीना दोन लहान तुकडा माले दे. एक ताटलीमा उघडा ठेव. एक तू तुना हातघाई घोंगडीमा बांध. मंग तू सांगशी तसं करू."

माय कुरकुरली, पण उठली. पोरीच्या अंगावर तिने स्वतःचं पातळ लुगडं घातलं आणि एक तुकडा माझ्या घडीत दाबून बांधला. तिघंही ताटलीकडे बघत बसली. ताटलीतला तुकडा बोरासारखा झाला, मग बोराच्या बीसारखा, मग नुसतं पाणी. तेव्हा मायने माझी घडी उलगडली. आत तुकडा होता. थोडा झिजलेला, पण होता.

मायने तो तुकडा लादीवर ठेवला. तिने स्वतः मला लादीभोवती गुंडाळलं, वर ते पोतं घातलं आणि पोरीला वारा घालायला बसली. बर्फ दुसऱ्या दिवशी गाडी येईपर्यंत पुरला. ताप हळूहळू हटला. कोकिळा वाचली.

आता सगळे शहाणे झाले असतील, असं वाटतं ना? छे! मायने गल्लीभर सांगितलं, "आमनी घोंगडी थंडी शे वं! मी मना डोयाघाई देखं." झालं! तापलेल्या पोरांवर घालायला बायका मला मागायला येऊ लागल्या. त्यांना नको नको म्हणून सरांचा घसा बसला. मी आगीतून निघून फुफाट्यात पडले. आधी फुकटची गरम, आता फुकटची थंड.

काही वर्षांनी कोकिळा सरांच्याच वर्गात आली. सरांचे केस पिकले होते, आवाज खोल गेला होता. त्यांनी सवयीने मला टेबलावर ठेवलं आणि सवयीनेच विचारलं. वर्ग सवयीनेच ओरडला, "गरम!"

कोकिळा उभी राहिली. "सर, आजी म्हणते, थंड."

सगळे हसले. सर हसले नाहीत. "आणि तू काय म्हणतेस?"

ती पुढे आली. तिने माझ्यावर हात ठेवला. मग म्हणाली, "ही गरम नाही आणि थंडपण नाही. ही कुणाला काही देतच नाही, सर. हिच्या आत जे असतं, तेच ही राखते. आत मी होते तेव्हा हिने माझा ताप राखला. बर्फ होता तेव्हा बर्फ राखला."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्या दिवशी उष्णतामापक कपाटातच राहिला. घंटा झाल्यावर त्यांनी माझी घडी केली, नेहमीपेक्षा सावकाश.

आता सर निवृत्त झाले आहेत. मी त्याच कपाटात आहे, कसरीने मला जागोजाग खाल्लं आहे. भिंतीपलीकडच्या वर्गातून अजूनही ऐकू येतं, "घोंगडी उष्णता देते." मी आता रागावत नाही, नुसती थकते.

मित्रांनो, जमलं तर मला एकदा ऊन दाखवा आणि घडीत कडुनिंबाचा पाला घाला. भोकं पडलेल्या घोंगडीला काही राखता येत नाही. आणि थंडीत मला पांघराल, तेव्हा ऊब माझी म्हणू नका. ती तुमचीच असते. मी फक्त दार लावून बसलेली असते.