फुजीसान, माझी मान आणि बसभर कात्र्या

मी तेरुतेरु बोलतोय. पूर्ण नाव तेरुतेरुबोझु, पण एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव पेलवत नाही, म्हणून अर्ध्यावर भागवतो. एक पांढरं फडकं, एक बोडकं डोकं आणि गळ्याला दोरा, की झालो मी तयार. आमच्या जपानात कुठे सहल निघायची असली की मला खिडकीत टांगतात आणि सांगतात, ऊन पाड. जशी काही आकाशाची किल्ली माझ्याच कनवटीला असते.

बरं, सांगून थांबतात म्हणाल तर नाही. रीतच अशी आहे की ऊन पडलं तर मला चेहरा काढायचा, डोळे द्यायचे. पाऊस आला तर माझं मुंडकं कापायचं. मधलं काही नाही. एवढ्या नम्र माणसांनी, उठता-बसता वाकून नमस्कार करणाऱ्या माणसांनी ही रीत कशी काढली असेल, हे मला अजून उमगलेलं नाही.

डोळे नसताना तुला दिसतं कसं, असं विचारू नका. डोळे असून तुम्ही काय काय बघत नाही, ते मी विचारतो का?

माझा जन्म बसच्या डेपोत झाला, गाइड मिनोरीच्या हातून. अंग तिच्या रुमालाचं. तो धुतलेला होता असं मी धरून चालतो. डोक्यात तिने स्टेशनबाहेर फुकट वाटतात तसलं कागदी रुमालांचं पाकीट जाहिरातीसकट कोंबलं. जाहिरात एका दातांच्या डॉक्टरची होती. त्यामुळे माझ्या डोक्यात आजही एकच विचार पक्का बसलाय, की जेवल्यावर चूळ भरावी. गळ्याला मिठाईच्या खोक्याची लाल फीत आली. मी तयार झालो, पण घाईघाईत डोकं अंगापेक्षा जड झालं होतं. ते पुढे किती महागात पडणार हे तेव्हा दोघांनाही कळलं नाही.

"हे बघ बाळा," मिनोरी मला म्हणाली, "या मोसमात मी एवढ्या सहली नेल्या, एकदाही फुजीसान डोंगर दिसला नाही. ऑफिसात मला पावसाळी बाई म्हणतात. आज दिसला नाही तर उद्यापासून तिकिटाच्या खिडकीत बसायचं, साहेबांनी तोंडावर सांगितलंय. मला खिडकीत नाही बसायचं रे. मला डोंगर दाखवायला आवडतं."

मग तिने दोन बोटांची कात्री करून माझ्या गळ्याजवळ कचकन मिटली. "दिसला तर डोळे देईन. नाही तर रीत तुला ठाऊक आहे."

म्हणजे एकाच फितीला दोन माना बांधलेल्या होत्या, तिची आणि माझी. मला ती पहिल्या भेटीतच आवडली, हे मात्र कबूल करतो.

तिने मला बसच्या पुढच्या काचेपाशी टांगलं. ड्रायव्हर ओनुकीसान (सान म्हणजे तुमचं राव) यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, पांढरे हातमोजे चढवले आणि काही न बोलता बस काढली. हा माणूस दिवसभर बोलत नाही. त्याचं एक वाक्य मी पुढे सांगणार आहे, ते नीट ऐका.

प्रवासी कावागोए गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचे. त्यांचे अध्यक्ष इगारीसान, नियमांचा पुतळा. बस हलायच्या आत त्यांनी सगळ्यांचे पट्टे तपासले आणि पहिल्या रांगेतल्या शिझुएआजींची पर्स मांडीवरून काढून वरच्या फळीवर ठेवायला गेले.

"हात लावू नका पर्सला," आजी म्हणाल्या.

"नियम आहे, शिझुएसान."

"तुमच्या नियमाला म्हणावं, तू वर बस. पर्स इथेच राहील." आणि त्यांनी पर्स पोटाशी धरली.

मग इगारीसान मिनोरीकडे वळले. "गाइडबाई, एक विचारू का? राग मानू नका. तुमच्याबरोबर डोंगर येत नाही म्हणे?"

मिनोरीने माइक तोंडाशी धरला आणि गोड हसून म्हणाली, "आज येणार आहे. त्यासाठी खास माणूस आणलाय." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बसभर टाळ्या पडल्या. मला डोळे असते तर मी ते मिटून घेतले असते.

शहर संपेपर्यंत ऊन छान होतं. मी ऐटीत डोलत होतो. मग घाट लागला. पहिल्याच वळणावर माझं जड डोकं खाली गेलं, पाय वर गेले आणि मी फितीत अडकून उलटा लोंबायला लागलो.

आता, उलटा तेरुतेरु म्हणजे पावसाला आमंत्रण, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं.

"अहो, उलटा झाला! उलटा झाला!" मागून आरडाओरडा झाला. मिनोरीने मला सरळ केलं. दुसरं वळण आलं, मी पुन्हा उलटा. शिझुएआजी पट्टा सोडून उठल्या, इगारीसान ओरडले, "बसा! नियम!" आजींनी मला सरळ केलं आणि बसल्या. तिसऱ्या वळणावर मी पुन्हा वर पाय केले. घाट चढेपर्यंत हाच खेळ चालला. आम्ही वर पोचलो तेव्हा आकाशात ढगांची अशी दाटी झाली होती की बघायची सोय नाही. सगळी बस माझ्याकडे बघत होती आणि मी पायांकडून त्यांच्याकडे.

डोंगर बघायच्या जागी उतरलो. मिनोरीने मला झेंड्याच्या काठीला बांधून बरोबर घेतलं होतं. समोर सगळं पांढरंफटक. ती बिचारी हात करून सांगायला लागली, "हे इथे तळं. त्याच्या वर, जरा डावीकडे, तिथे शिखर आहे."

"कुठे?"

"त्या ढगाच्या मागे."

"कुठल्या ढगाच्या?"

"सगळ्याच."

पण आमची माणसं गुणी. त्यांनी ढगाला वाकून नमस्कार केला, ढगाकडे पाठ करून फोटो काढला आणि शेजारच्या फलकावर फुजीसानचं मोठं चित्र होतं त्यापुढे रांग लावून पुन्हा एकेक फोटो काढला. कुणी तक्रार केली नाही. मिनोरीला तेच जास्त लागलं. 

तिथून निघालो ते द्राक्षांच्या बागेत. आणि इथे मला माझी मान आठवली. कारण बागवाले हिराइदेसान हसतमुखाने दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात काय देत होते?

कात्री.

घड तोडायला प्रत्येकी एकेक कात्री. डोक्यावर ढग, चारी बाजूंना म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या हातात कचकच करणारी कात्री, आणि मध्ये मी, ज्याच्यावर ढग आणल्याचा सगळ्यांनी ठपका ठेवलेला. मिनोरीने मला मांडवाच्या तारेला टांगलं, म्हणाली, "इथून जरा आकाशाशी बोलून बघ." मी आकाशाशी काय बोलणार, मी देवाचा धावा करत होतो.

"अर्धा तास!" इगारीसान ओरडले. "बागेत हवी तेवढी खा. बाहेर एक मणीसुद्धा न्यायचा नाही. हा नियम आहे."

मग जे खाणं सुरू झालं! सकाळी "मला हल्ली भूकच नाही हो" म्हणणाऱ्या बायका मोठमोठी काळीभोर द्राक्षं सालीतून पिळून तोंडात टाकत होत्या. इगारीसान घड्याळ बघत खात होते, मिनिटाला ठरावीक.

शिझुएआजी मात्र माझ्याच खाली, बाकावर बसल्या. इकडेतिकडे बघत त्यांनी पर्स उघडली आणि आतून एका माणसाचा फोटो काढला. त्याच्यापुढे एक द्राक्ष ठेवलं. तेवढ्यात मिनोरी आली.

"कोण हे, आजी?"

"माझा नवरा. गेल्या वर्षी गेला." आजींनी आवाज उतरवला. "कुणाला सांगू नकोस. खरा पावसाळी माणूस हा. जिथे गेला तिथे पाऊस घेऊन गेला. लग्नाच्या फोटोत आमच्यापेक्षा छत्र्याच जास्त आहेत. फुजीसान बघायला आम्ही किती वेळा आलो असू, दर वेळी धुकं बघून घरी. म्हटलं, आता तरी याला दाखवावा."

मिनोरी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आजी, सकाळपासून सगळ्यांची बोलणी मी खातेय, आणि पावसाळी माणूस तुमच्या पर्समध्ये!"

"बोलले असते तर इगारीसाहेबांनी त्याला घाटात उतरवला असता," आजी म्हणाल्या. "रागावलीस?"

मिनोरीला हसू फुटलं. मग तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "नाही हो. दोघं मिळून बघू, कोण जास्त पाऊस पाडतं ते." आणि लोकांना बोलवायला निघून गेली.

तिची पाठ वळली तशी आजींनी एक घड कापला, फोटोला दाखवला, म्हणाल्या, "हा घरी गेल्यावर खा," आणि पर्समध्ये मावेना म्हणून सरळ माझ्या झग्याखाली कोंबून खालून गाठ मारली. मला विचारलंसुद्धा नाही! आयुष्यात पहिल्यांदाच माझं पोट भरलं, आणि तेही चोरीच्या मालाने.

बस सुटायच्या वेळी मी पुन्हा पुढच्या काचेपाशी टांगलेला होतो आणि हिराइदेसान आणि त्यांच्या घरची माणसं रांगेत उभी राहून हात हलवत होती. एवढ्यात ते स्वतः कुणाची तरी विसरलेली टोपी द्यायला बसमध्ये चढले. नेमकं माझ्या खाली उभं राहून त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि माझ्यातून एक जांभळा थेंब त्यांच्या टकलावर पडला.

त्यांनी वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं. माझं पोट जांभळं झालं होतं आणि एक देठ बाहेर डोकावत होता. इगारीसान पांढरे पडले. शिझुएआजी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघायला लागल्या.

"हा बागेत आला होता का?" हिराइदेसान यांनी विचारलं.

"आला होता," मिनोरी पुटपुटली.

त्यांनी माझं पोट बोटाने दाबून बघितलं. "मग काय प्रश्न आहे? नियम काय, बाहेर न्यायचं नाही. पोटातून नेलेलं चालतं. सगळे तसंच नेताहेत." आणि टक्कल पुसत हसत हसत उतरले. इगारीसान बराच वेळ नियमाचा हा अर्थ मनात उलटसुलट करून बघत होते.

परतीचा घाट लागला. वळण आलं आणि मी सरळच राहिलो. दुसरं वळण आलं तरी सरळ. पोटात वजन होतं ना! पण याचं कौतुक करायला जागं कोण होतं? पोटभर द्राक्षं खाल्लेली सगळी बस तोंडं उघडी टाकून घोरत होती. मिनोरी माइक बंद करून पुढच्या आसनावर बसली होती. परतीच्या वाटेवर गाइडने झोपलेल्यांना उठवायचं नाही, ही आमच्या धंद्यातली सभ्यता.

आणि ढग फाटला.

समोर फुजीसान उभा होता. अख्खा. संध्याकाळच्या उन्हात पायथ्यापासून माथ्यापर्यंत. मिनोरी उठली, तिचा हात माइककडे गेला आणि मागे आला. उठवावं तर सभ्यता जाते, न उठवावं तर डोंगर जातो. अशा वेळी शिझुएआजी फोटो उंच धरून पुढे आल्या, त्यांनी तिच्या हातातून माइक ओढला आणि बटण दाबून ओरडल्या,

"उठा! आला! आला मेला एकदाचा!"

सगळी बस दचकून उठली आणि एका बाजूच्या खिडक्यांना जाऊन चिकटली. ओनुकीसान यांनी बस कडेला घेतली. "आला हो, आला!" कुणी रडत होतं, कुणी चष्मा शोधत होतं. आणि त्याच क्षणी, ऊन तसंच असताना, काचेवर टपटप पाऊस पडायला लागला.

आजींनी फोटो काचेला टेकवला. "बघितलास ना?" त्या म्हणाल्या. "रडू नकोस आता. सगळ्यांना भिजवशील." मला फार वाईट वाटलं आणि फार बरं वाटलं. दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला तेव्हा कळलं.

पण माझं काय? डोंगर दिसला म्हणजे डोळे. पाऊस आला म्हणजे कात्री. बसमध्ये दोन तट पडले.

"पाऊस तो पाऊस. रीत म्हणजे रीत," मागच्या रांगेतून कुणी म्हणालं.

"माझ्या पोराच्या मानेला हात तर लावून बघा!" आजी कडाडल्या.

सगळे इगारीसान यांच्याकडे बघायला लागले. ते घसा खाकरत उठले. मी जीव मुठीत धरला, म्हणजे मूठ असती तर धरला असता.

"नियम असा," ते सावकाश म्हणाले, "की दारुमाच्या बाहुलीला आपण मागणं मागताना एक डोळा रंगवतो. पुरं झालं की दुसरा. याने काम निम्मं केलंय. तेव्हा आज एक डोळा. दुसरा, पावसाशिवाय डोंगर दाखवेल तेव्हा. त्यासाठी मंडळाला पुढच्या वर्षी पुन्हा यावं लागेल."

तेव्हा ओनुकीसान आरशातून बघत, दिवसातलं पहिलं आणि शेवटचं वाक्य बोलले.

"मग गाइडही हीच लागेल. डोळा तिच्याच हातचा हवा."

इगारीसान यांनी तिथूनच ऑफिसला फोन लावला आणि पुढच्या वर्षीची सहल याच गाइडबाईंच्या नावावर नोंदवली. मिनोरीने भुवयांची पेन्सिल काढली. हसता हसता तिने रेखलेला डोळा पार कपाळाच्या जवळ गेला. पण मला विचाराल तर इतका सुंदर डोळा कुणाला नसेल, कारण त्याने पहिली गोष्ट बघितली ती तिचं हसू.

आता मी त्याच बसच्या पुढच्या काचेपाशी असतो. घड आजी घरी घेऊन गेल्या, त्याच्या जागी मिनोरीने माझ्या झग्यात दोन गोट्या शिवल्या आहेत. पोटावरचा जांभळा डाग धुऊनही गेला नाही, मी जाऊही देणार नाही. मिनोरी माइकवर बोलत असते आणि मी एका डोळ्याने वाट बघत असतो.

तुम्ही कधी या बसमध्ये बसलात तर एवढंच करा. द्राक्षं हवी तेवढी खा, पण परतीच्या वाटेवर झोपू नका. आणि कात्री बागेतच परत देऊन या.