बाविसावा हात

कामठ्याजवळच्या त्या गावात फुलवंता सकाळी भांडी घासतानाही डिस्कोच म्हणायची. सासू रुख्मा चुलीपुढून तिच्यावर खेकसायची आणि खेकसता खेकसता पायानं ठेका धरायची. शाळेच्या गणपतीत गाणारी ही पोर आठ वर्षांत मंडईच्या फलकांवर 'डिस्को क्वीन' झाली होती. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की ती चमकीचा झगा घालून गायची, नवरा चैतराम मागे ऑक्टोपॅड वाजवायचा. यंदा दिवाळीच्या तोंडावर त्या चैतरामला सडक अर्जुनीच्या रस्त्यावर ट्रकनं चिरडलं.

दहाव्याला भावकी तलावाच्या पाळीवर जमली. गावात कोणाचा नवरा गेला की बांगड्या फोडायचा दगड विधवा रुख्माच्याच हाती द्यायची रीत होती. आजवर एकवीस बायका झाल्या. मनगटातून रक्त आलं तर ती हळद लावायची आणि घरी येऊन निवांत जेवायची. हो, जेवायची!

फुलवंतानं हात पाठीमागे नेले.

"मी हात नाही देत, माय. ह्या बांगड्या त्यायनंच भरून देल्ल्या. अन् मंडईत मी गाईन."

रुख्माचा थोरला मुलगा भैय्यालाल यानं झगा सकाळीच पेटवून दिला होता. आता त्यानं भावजयीला केसांना धरून आडवं पाडलं. बाया तिच्या पायांवर बसल्या. आईच्या हातचा दगड हिसकून त्यानं तो मनगटावर नाही, तोंडावर हाणला. समोरचे दोन दात चिखलात पडले.

"गा आता डिस्को."

पाळीवर पन्नास माणसं उभी होती, एकानंही त्याचा हात धरला नाही. काय म्हणावं असल्या माणसांना! त्यानं पुन्हा दगड उगारला, तेव्हा रुख्मानं आपला पंजा सुनेच्या तोंडावर ठेवला. आपल्या बोटांची हाडं मोडताना तिनं ऐकली. त्या एकवीस जणींना काय झालं असेल, ते तिला साठीत कळलं.

रुख्मा सुनेला घेऊन निघाली, तशी पोलीस ठाण्यापर्यंत भावकी मागे लागली, घरातलं घरात मिटवू म्हणाली. जमादारानं विचारलं, मारणारा कोण.

"भैय्यालाल लिवा. माहा पोट्टा होय." जमादाराचा पेन थांबला. "अन् दुसरं नाव रुख्मा लिवा. एकवीस बायांचे हात मीच धरले."

मंडईत फुलवंता भर दुपारी गायली. पडलेल्या दातांच्या फटीतून शब्द निसटत होते, हातांत बांगड्या होत्या. पंजाला प्लास्टर घातलेली रुख्मा पहिल्या रांगेत बसली होती. त्या एकवीस जणींपैकी चौघी येऊन तिच्या शेजारी बसल्या. बाकीच्या सतरा जणी घरातच का राहिल्या, हे वाचकहो, आज आपल्याच घरात विचारून बघा.