चौघांची बोट

"पदक गळ्यात घाल की," सरपंच आबासाहेब म्हणाले.

गावाच्या कमानीपाशी सजवलेली उघडी जीप उभी होती. कल्याण पारनेरहून एसटीने येऊन नुकताच उतरला होता. पाठीवर देशाचं नाव असलेला निळा ट्रॅकसूट त्याने आबांनी बजावून सांगितलं म्हणून घातला होता.

"पदक न्हाई माझ्याकडं, आबा. फोनवर सांगितलं हुतं तुमाला."

आबासाहेबांना ते आठवत होतं. आशियाई स्पर्धेत भारताच्या चार वल्हेकऱ्यांच्या बोटीला कांस्यपदक मिळालं होतं. संघाच्या यादीत नावं पाच होती. पाचवा, राखीव, हवालदार कल्याण. बोटीत बसतो त्यालाच पदक मिळतं.

"तू गेल्तास ना तिकडं? मग झालं," असं म्हणून आबांनी त्याला हाताला धरून जीपमध्ये चढवलं. हलगी सुरू झाली. घराघरांतून बायका ओवाळायला पुढे आल्या. कल्याण सगळ्यांना नमस्कार करत राहिला. आपले हात आपोआप जुळताहेत, असं त्याला वाटत होतं.

या गावात नदी नव्हती. कल्याण विहिरीत पोहायला शिकला होता. फौजेत भरती झाल्यावर त्याची उंची आणि लांब हात पाहून साहेबांनी त्याला पुण्यात बोटीवर पाठवलं. तिथे रोज पहाटे पाण्यावर त्याची दहा-बारा वर्षं गेली. मागच्या स्पर्धेआधी बरगडीला चीर गेली आणि संधी हुकली. या वेळी तो निघाला, पण राखीव म्हणून. पुढच्या स्पर्धेपर्यंत त्याचं वय उलटणार होतं.

अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी संघातल्या एकाला ताप भरला. कोचनी कल्याणला तयार राहायला सांगितलं. संध्याकाळच्या सरावाला तो त्या जागेवर बसला. बोट अशी सरळ गेली, जणू हे चौघं कायम एकत्रच वल्हवत होते. सकाळी ताप उतरला. कोच कल्याणच्या खांद्यावर हात ठेवून पुढे गेले. मित्र बरा झाला याचा आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. वाईटही वाटलं नाही.

चौघं बोटीत बसले. त्यांच्या चपला धक्क्यावर राहिल्या. कल्याणने त्या गोळा केल्या आणि बोट परत आली तेव्हा ज्याच्या त्याच्या पायांपुढे नीट मांडल्या. मग फोटो काढणाऱ्यांना जागा हवी होती, म्हणून तो मागे सरकला.

देवळापुढच्या मंडपात आबासाहेबांनी मोठं भाषण केलं. गावाच्या पोराने देशाला पदक आणलं, असं ते तीनदा म्हणाले. नंतर माईक कल्याणच्या हातात आला. समोर पहिल्या रांगेत त्याचे वडील गहिनीनाथ धुतलेली टोपी घालून बसले होते. शेजारी आई, साळूबाई.

"मी बोटीत नव्हतो," कल्याण म्हणाला. "मी राखीव होतो. पदक त्या चौघांचं आहे."

आबासाहेबांनी हसत माईक घेतला. "बघा, एवढं मोठं झालं तरी पोरगं किती साधं हाय," ते म्हणाले, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. फेटा आला, शाल आली, नारळ आला. एकट्या गहिनीनाथांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

घरी आल्यावर साळूबाईने त्याला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "तुजं काय चुकलं हुतं का रं?"

"न्हाई, आई."

"मग बसू का दिलं न्हाई?"

त्याने तापाचं सांगितलं. तिला ते पुरेसं समजलं नाही. मुलगा भांडून आला नाही, आजारी नाही, एवढं पाहून ती चुलीकडे वळली.

ऊन कलल्यावर गहिनीनाथ म्हणाले, "चल, कांद्यातलं पाईप हलवायचेत." कल्याणने ट्रॅकसूट काढून जुनी पँट चढवली. दोघं बापलेक वावरात गेले. तुषार सिंचनाचे पाईप सोडवायचे, उचलायचे, पुढच्या वाफ्यात जोडायचे. एक पाईप घट्ट बसला होता. गहिनीनाथांना तो निघेना. कल्याणने एका हिसक्यात सोडवला.

"हात बघू," गहिनीनाथ म्हणाले.

त्यांनी त्याचा तळवा उजेडाकडे धरला. बोटांच्या मुळाशी पिवळट, शिंगासारखे घट्टे होते. गहिनीनाथांचे हात जन्मभर कुदळीवर गेले होते, पण असे घट्टे त्यांच्या हातांवरही नव्हते.

"हे काय राखीव बसून झालं व्हय?" ते म्हणाले.

बाप एकेका घट्ट्यावरून सावकाश अंगठा फिरवत होता. कल्याण ते पाहत उभा राहिला. कातडी इतकी निबर झाली होती, की अंगठा फिरताना नुसता दिसत होता, जाणवत नव्हता.