संत आंतोनियोंच्या कडेवरचं बाळ

सकाळी चर्चचं दार उघडून, तिथली देखभाल करणाऱ्या बेलार्मिनोने सवयीने वर पाहिलं. सोन्याने मढवलेल्या वेदीवर गुबगुबीत गालांचे देवदूत जागच्या जागी होते, डोळे वर लावून बसलेली संतमंडळीही होती. पण लाकडी संत आंतोनियोंच्या कडेवरचं बाळ येशू गायब! संत बिचारे रिकामा हात पुढे करून उभे, जणू पाऊस पडतोय का ते बघताहेत.

नेमक्या आजच राजधानीतून जुन्या मूर्ती तपासणाऱ्या इवोनेबाई यायच्या होत्या. बाळ सापडलं नाही, तर चर्चच्या किल्ल्या त्याच्याकडून काढून घेणार, हे ठरलेलं. बायको गेल्यापासून त्या किल्ल्यांशिवाय त्याला दुसरं होतं तरी काय?

चोर कोण, हे शोधावं लागलं नाही. ब्राझीलच्या मिनास प्रांतात लग्न जमेनासं झालं की बायका संत आंतोनियोंचं बाळ काढून घेतात; नवरा मिळाला की परत. पण हे घरच्या वीतभर मूर्तीशी. थेट चर्चमधल्या जुन्यापुराण्या मूर्तीला हात घालायची छाती गावात एकाच बाईची होती.

तो धावत तिच्या घरी पोचला तेव्हा दोना झुल्मिरा चुलीवर पेरूचा गर ढवळत होती.

"बाळ कुठंय?"

"तांदळाच्या डब्यात. झोपलंय."

"दोना झुल्मिरा, पाया पडतो तुमच्या. आजच्यापुरतं द्या!"

"अजिबात नाही. घरच्या आंतोनियोला उलटा टांगून पाहिला, ढिम्म हलला नाही. म्हणून थोरल्या साहेबांकडेच गेले. नवरा द्या, बाळ न्या."

"अहो, बाई चौकात पोचल्या असतील! एवढ्यात नवरा कुठून आणू?"

"ते संतांनी बघावं."

बेलार्मिनोने कपाळाचा घाम पुसला. "मग... मी चालेन का?"

झुल्मिराचा हात थांबला. गाल लाल झाले. मग तिने घाईघाईने छातीवर क्रूसाची खूण केली. "बघा! काल संध्याकाळी बाळ आणलं, सकाळी संत पावले! असं नाक दाबावं लागतं."

बाळ परत कडेवर बसलं न बसलं तोच इवोनेबाई आल्या. शिडीवर चढून त्यांनी भिंगातून सगळं न्याहाळलं आणि बाळाच्या कानातून तांदळाचा दाणा काढून खिशात ठेवला.

"मूर्ती अस्सल आहे," त्या म्हणाल्या, "पण बाळ या मूर्तीचं नाही. लाकूड वेगळं, रंग वेगळा. मूळचं पूर्वीच कुणीतरी पळवलं असणार. घाबरू नका, ही तुमच्या पणजोबांच्या वेळची भानगड. किल्ल्या तुमच्याकडेच राहू द्या."

बेलार्मिनोचा जीव भांड्यात पडला. झुल्मिरा मात्र बाहेर पायरीवर जाऊन बसली. तिचा चेहरा पडला होता.

"परक्याचं पोर ओलीस धरलं मी. संतांना त्याचं काय? त्यांनी काहीच केलेलं नाही." ती त्याच्याकडे बघेना. "तुमच्या किल्ल्याही वाचल्या. शब्द मागे घ्यायचा तर आत्ताच घ्या."

बेलार्मिनो तिच्या शेजारी टेकला.

"रोज संध्याकाळी मी तुमच्या खिडकीखालून जातो," तो म्हणाला. "माझं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे."

झुल्मिराचे डोळे भरून आले.

"मग इतकी वर्षं तोंड काय शिवलं होतं का रे मेल्या?"