अंगठ्याएवढी जागा

मित्रांनो, जरा कल्पना करा. तुम्ही एका उंच खुर्चीवर बसला आहात. उजव्या पायातला मोजा अर्धा निघून लोंबतो आहे. कोणीतरी तुमची टाच हलकेच धरून गार लाकडावर टेकवतं आणि तुम्हाला गुदगुल्या होतात. ते गार लाकूड म्हणजे मी.

मी एक जुनी, पावलं मोजायची पट्टी आहे. एका म्हाताऱ्या कारागिराने पिवळसर, चिवट लाकूड तासून मला घडवलं, अंगावर आकडे कोरले आणि पितळेची एक सरकती आडपट्टी बसवली. टाच माझ्या टोकाशी टेकली, की ती आडपट्टी सरकत जाऊन पायाच्या बोटांना शिवायची. एवढंच माझं काम. ते मी इंग्लंडातल्या एका बूट बनवणाऱ्या गावात, टेबटकाकांच्या दुकानात, चाळीस वर्षं केलं.

सोमवार आमचा गर्दीचा वार. त्या दिवशी पोस्टात आयांना मुलांसाठीचा सरकारी भत्ता मिळायचा. भत्त्याच्या पुस्तकातली एक चिठ्ठी द्यायची, पैसे घ्यायचे आणि मुलांना ओढत थेट आमच्याकडे यायचं. काका प्रत्येक मुलाचं कार्ड ठेवत आणि दर वेळचं माप त्यावर लिहीत. मग नव्या बुटाच्या टोकावर आपल्या हाताचा अंगठा दाबून म्हणत, "अंगठ्याएवढी जागा आहे. वाढू दे!"

मूल शाळा सोडून कामाला लागलं, की भत्ता बंद होई. मग काका कार्डावर 'कामाला लागली' किंवा 'कामाला लागला' असं लिहून ते वेगळ्या खोक्यात टाकत. त्यानंतर ते मूल दुकानाच्या दुसऱ्या बाजूला, मोठ्यांकडे जायचं. मोठ्यांना कोणी मोजत नसे. ते आपला नंबर तोंडानेच सांगत.

हेदर चेटल पहिल्यांदा आली तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई मॉरीन कारखान्यात बुटांची शिलाई करायची. वडील समुद्रापलीकडे कामाला गेले आणि तिकडचेच झाले. हेदरने मला उलटंपालटं करून पाहिलं.

"काका, हिने डोंगर मोजता येईल?"

"येईल की. डोंगराने मोजा काढला तर."

तेव्हापासून तिला मोजण्याचं वेडच लागलं. पुढे ती शाळेत नकाशे काढू लागली. आणखी दोन वर्षं शीक, मग नकाशे काढणं हेच तुझं काम होईल, असं तिच्या बाईंनी सांगितलं होतं. हे सगळं मॉरीनच मोजे काढता काढता काकांना अभिमानाने सांगायची.

हेदर सोळा वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात मॉरीनचा कारखाना बंद पडला. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी दोघी आल्या.

"शाळेचे बूट काढा, टेबट. काळे," मॉरीन म्हणाली.

"कामाचे काढा, काका," हेदर म्हणाली.

"कामाचे कशाला?"

"मी खोक्यांच्या कारखान्यात हो म्हणून आलेय, आई."

"कोणाला विचारून?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

काका खाली वाकले. "मी आधी माप घेतो. पाय तर तोच आहे ना?"

हेदरचं पाऊल माझ्यावर टेकलं. वरून तिचा आवाज अगदी शांत होता, पण तिची बोटं माझं लाकूड घट्ट धरून होती. ते फक्त मला कळलं.

"भत्त्याचं पुस्तक अजून माझ्या पिशवीत आहे," मॉरीन म्हणाली. "तू शाळेत गेलीस तर ते चालू राहील."

"त्यात माझे बूट येतात, आई. घराचं भाडं नाही येत."

काकांनी कामाचे बूट आणून हेदरच्या पायात चढवले. मॉरीन सवयीने म्हणाली, "अंगठ्याएवढी जागा ठेवा हं."

काका हळूच म्हणाले, "मॉरीन, गेली दोन वर्षं हिचा आकडा हललेला नाही."

त्यांनी कार्ड पुढ्यात घेतलं, तशी मॉरीन म्हणाली, "ते आत्ता माझ्यासमोर नका लिहू." त्या गेल्यावर काकांनी लिहिलं. दुसऱ्या दिवशी मॉरीन भत्त्याचं पुस्तक परत पाठवायला पोस्टात जाताना आमच्या काचेसमोरून गेली. तिने आत पाहिलं नाही.

मित्रांनो, आता मी एका खणात पडून असते. पावलं मोजायला यंत्रं आली. माझी तक्रार नाही, लाकूड शेवटी लाकूडच. पण तुमची एक एक बोट वाढ ज्या आईने डोळ्यांत साठवली, तिच्या पावलांकडे एकदा तरी वाकून पाहा. मी चाळीस वर्षं त्या दुकानात होते, आणि मलाही ते सुचलं नव्हतं.

त्याच वर्षी ऑक्टोबर संपता संपता, एका शनिवारी हेदर आईला घेऊन आली. तिच्या हातांना खोकी चिकटवायच्या खळीचा वास होता. तिने आईला मोठ्यांच्या बाजूला बसवलं.

"माझा चार नंबर," मॉरीन म्हणाली. "उगाच खर्च करतेस."

"मोजू या."

"मोठ्यांना मोजतात का कधी? लोक हसतील."

"हसू देत. बूट काढ."

हेदरने मला उचललं आणि ती जमिनीवर बसली. मॉरीनचा पाय माझ्यावर आला. बोटं एकमेकांवर चढलेली, करंगळी पार आत वळलेली. आडपट्टी चार नंबर ओलांडून साडेपाचवर थांबली.

"आई, हे चार नंबरचे कुठून आणले होतेस?"

"बहिणीचे जुने. बरे होते गं. सवय होते."

हेदरने साडेपाच नंबरचे बूट मागून घेतले, आईच्या पायात घातले आणि टोकावर आपला अंगठा दाबून पाहिला. मग उठून तिने वेगळ्या खोक्यातून स्वतःचं कार्ड शोधून आणलं. 'कामाला लागली' हे शब्द खाली राहतील असं ते उलटं ठेवलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, नकाशावर गावाचं नाव घालावं तशा नेटक्या अक्षरांत, आईचं नाव लिहिलं.