फ्रेंच पाट्यांचा सिनेमा

उझमाला लहानपणी तापात ऐकू येणं बंद झालं. तेव्हापासून राजिवड्यातल्या त्या घरात टीव्हीवर सिनेमा लागला, की तिची नुसती तगमग व्हायची. पडद्यावरची माणसं ओठ हलवत, घरातली हसत, डोळे पुसत, आणि ती भावजयीला, अलिझाला, ढोसून खुणेने विचारी, ‘काय म्हणाली ती?’ अलिझा खुणांनी सांगेपर्यंत पुढचं हसू येऊन गेलेलं असे. हळूहळू उझमाने विचारणं सोडलं. सिनेमा लागला की ती मागच्या पडवीत शिवणयंत्रावर जाऊन बसे.

२००८ साली तिचा धाकटा भाऊ, अलिझाचा नवरा फहाद, कुवेतहून सुट्टीवर आला आणि घरात कॉम्प्युटर, इंटरनेट बसवून गेला. परत गेल्यावर त्याला तिथल्या कुणीतरी सांगितलं, की हक्क संपलेले फार जुने सिनेमे नेटवर कुणालाही फुकट बघता येतात. त्याने अलिझाला फोन केला.

“आपाला दाखव ते. त्यांच्यात कोण बोलतच नाय.”

दुपारचं आवरून अलिझा शोधायला बसली. असल्या सिनेमांच्या एका संग्रहाचं पान उघडायलाच कितीतरी वेळ लागला. मग नावांची लांबच लांब रांग आली, बरीचशी फ्रेंच. एका नावाशेजारी नदीकाठी उभ्या बाईचं टिकलीएवढं चित्र होतं. तिने तेच दाबलं आणि उझमाला हाताला धरून आणलं.

उझमा नाखुशीनेच खुर्चीच्या कडेला टेकली.

काळ्या-पांढऱ्या नदीवर एक बाई कपडे धूत होती. शेजारी तिची लहान मुलगी. दुरून एक माणूस आला, त्याने टोपी काढली आणि काहीतरी सांगितलं. लगेच काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं उमटली. अलिझा गडबडली. ‘आपा, हे फ्रेंच आहे,’ तिने खुणेने सांगितलं, ‘मला वाचता येत नाही.’

उझमाने पडद्यावरची नजर न काढता तिचे हात धरून खाली दाबले. थोड्या वेळाने तिचेच हात हलू लागले.

‘नवरा बुडालाय तिचा. मुलीला कळू देत नाहीये.’

‘हसतेय की ती!’

‘गळा बघ.’

अलिझाने बघितलं. हसणाऱ्या तोंडाखाली गळ्याची शीर ताणली होती, आवंढा वर येऊन अडकला होता. एवढे सिनेमे बघूनही तिने कुणाचा गळा कधी बघितला नव्हता. मग बाईच्या चेहऱ्यावरून नदीचं पाणी वाहायला लागलं. चेहरा पाण्यात नव्हता. चेहरा आणि पाणी एकाच वेळी, एकातून दुसरं दिसत होतं. अलिझाच्या अंगावर काटा आला. स्पीकरमधून पियानो वाजत होता. तिने हात लांबवून आवाज बंद केला.

मध्येच नेट अडकलं. चित्र थांबलं, बाईचे डोळे थेट त्यांच्याकडे लागलेले. अलिझा चरफडली. उझमा मात्र पुढे सरकून, श्वास रोखून, त्या थांबलेल्या डोळ्यांत बघत राहिली.

चित्र पुन्हा हललं तेव्हा अलिझाची सासू, म्हणजे उझमाची आई हफीजा, मासळी साफ करायची सोडून दारात आली. “काय चाललंय गो दोघींचं?”

अलिझाने नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. हफीजा ओले हात पदराला पुसत मागे उभी राहिली. जरा वेळाने स्टूल ओढून बसली. बाईने मुलीला उराशी घेतलं तेव्हा हफीजाचा हात आपसूक उझमाच्या खांद्यावर आला.

सिनेमा संपला. उझमाने खुणेने विचारलं, ‘कधीचा?’

‘ऐंशी वर्षांपूर्वीचा असेल.’

‘म्हणजे ही बाई मेली?’

‘कधीच. ती मुलगीसुद्धा गेली असेल आता.’

उझमा काळ्या झालेल्या पडद्याकडे बघत राहिली. मग तिचे हात सावकाश उठले.

‘आत्ता माझ्याकडे बघत होती ती. आणि मला सगळं कळलं, अलिझा. सगळं, तिथल्या तिथे.’

अलिझाने मागे स्टुलाकडे बघितलं. हफीजा उठायला तयार नव्हती.

“पुन्हा लाव,” ती म्हणाली. “माझं सुरुवातीचं राहिलंय.”

मांजराने मासळीवर ताव मारला होता. ते त्यांना संध्याकाळीच समजलं.